पाचवा पत्रा

१

पत्रा ग्यानबाच्या छातीवर आडवा पडला होता. उजवा हात पत्र्याबाहेर आलेला, पंजा उघडा. भोवती चिखल. वर मेंढरांच्या शेडच्या छपरात एका पत्र्याएवढी मोकळी जागा, आणि तिथून पाऊस थेट आत, कोकरांवर. वस्तीवरच्या ज्यांनी पाहिलं त्यांनी एवढंच पाहिलं, आणि त्यावरून जे समजायचं ते समजून घेतलं.

चंद्रभान जमादाराने तर तेवढंही पाहिलं नव्हतं. ताडकळसच्या पलीकडच्या त्या वस्तीवर तो मोटारसायकल घेऊन पोचला, तेव्हा ग्यानबाला माती देऊन नऊ दिवस झाले होते. अवकाळीचं वारं सुटलं, नव्या शेडचा पत्रा उडाला, म्हातारा खाली सापडला. लोकांना त्यात पोलिसांना कळवण्यासारखं काही वाटलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला त्याच्याच रानात पुरलं.

तक्रार केली ती मुलाने. सुग्रीव बायकोला घेऊन उसाच्या तोडीवर गेला होता. तो तिसऱ्या दिवशी आला, बापाचं तोंडही दिसलं नाही, आणि दहावा व्हायच्या आत ठाण्यात येऊन बसला. शेड बांधून तीन महिने झाले नव्हते. पत्रे ठोकणाऱ्या लिंबाजी मिस्त्रीने काम ढिलं केलं, माझा बाप मारला, असं त्याचं म्हणणं होतं.

"मिस्त्रीचा जबाब घ्या आणि या," साहेबांनी सांगितलं होतं. चंद्रभानच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. जमादार इतके प्रश्न विचारतो की आरोपी कंटाळून स्वतःच चहा मागवतो, अशी ठाण्यात त्याची चेष्टा चालायची. पण या वेळी प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

लिंबाजी दारातच बसला होता. साठीचा, वाळका माणूस, हाताच्या बोटांवर पत्र्याने कापल्याच्या जुन्या खुणा. समोर गोणपाटात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं एक गाठोडं होतं.

"ह्यात माझी सारी हत्यारं हायत, साहेब," तो म्हणाला. "ही बी घेऊन जा. आन् लिहून घ्या, चुकलो म्या, खता माझीच हाय."

२

चंद्रभान खाली बसला. कबुली इतक्या सहज मिळाली की त्याला उलट चुकल्यासारखं व्हायचं.

"काय खता झाली, ते तर सांगा."

लिंबाजीने सांगितलं ते असं. शेडच्या कामाचा शेवटचा दिवस होता, आणि संध्याकाळी त्याला पूर्णेला भाचीच्या हळदीला जायचं होतं. नऊ जस्ती पत्रे वर चढले होते. बोल्ट सगळे टाकून झाले होते, नट हाताने फिरवून बसवले होते, फक्त पान्याने आवळायचे राहिले होते.

"पश्चिमेकडून चार पत्र्यांचे आवळलेले मला सोच्छ आठवतेत. मंग खालनं ग्यानबानं हाक दिली, च्या झालाय म्हणला. म्या उतरलो. च्या पिऊन पुन्यांदा वर गेलो, हे आठवतं. पर पाचव्याला पाना फिरवला का न्हाई, त्ये आठवत न्हाई, साहेब. नऊ दिस झाले, डोळे मिटले की म्या त्या छपरावर असतो. पाना हातात असतो. फिरवला का न्हाई, त्ये काही केल्या दिसत न्हाई."

"शेड बघून आलात का नंतर?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? त्या माणसानं मला च्या पाजला व्हता."

तीस वर्षांत या माणसाने दहा गावांत घरांवर, गोठ्यांवर पत्रे चढवले होते, कित्येकांच्या कुडाच्या भिंती काढून पत्र्याच्या करून दिल्या होत्या, असं बोलता बोलता कळलं. आता त्यातली दोन गावं त्याला हाक मारून आपापले पत्रे तपासायला सांगत होती, आणि एक गाव त्याला वेशीत येऊ देत नव्हतं. चंद्रभानला वाईट वाटलं. जबाब लिहिला तर सही मिळणार होती आणि म्हातारा जेलात जाणार होता. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

"सही उद्या घेतो," तो म्हणाला. "गाठोडं तेवढं गाडीला बांधा."

३

शेड ग्यानबाच्या आणि त्याच्या पुतण्याच्या, मल्हारच्या, घरांमध्ये होती. बाभळीच्या मेढी, त्यांवर लोखंडी पाइप आडवे टाकलेले, आणि वर पत्रे. नवे पत्रे उन्हात इतके चमकत होते की चंद्रभानला डोळ्यांवर हात धरावा लागला. जस्ताचा मुलामा अजून जसाच्या तसा होता, त्यावरची फुलांसारखी नक्षी स्पष्ट दिसत होती.

त्याने पश्चिमेकडून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. मग आकाश. मग पुन्हा चार पत्रे, सरळ आणि शांत.

"वारं कुठनं आलतं?"

"पश्चिमंकडनं," मल्हार म्हणाला. तिशीचा, धिप्पाड, डोळे आत गेलेले. आईबाप लहानपणी गेले, तेव्हापासून ग्यानबा आणि गोजरबाईने त्याला सुग्रीवबरोबर वाढवलं होतं. तो त्यांना बा आणि माय म्हणायचा.

"तुमीच पयले बघितलं म्हणं."

"व्हय. माय गिरणीवर गेलती दळण घेऊन. म्या घरात व्हतो. लाइट तर आदीच गेलती, अंधार पडलता. पत्रा पडल्याचा आवाज आला म्हून भाईर पळालो, तर बा..." त्याने डोळे पुसले.

त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. चंद्रभानने इतक्या वर्षांत खोटं रडणारे पुष्कळ पाहिले होते, हा त्यातला नव्हता.

"सुग्रीव म्हणतो मिस्त्रीला सोडू नका. तुमचं काय म्हणणं?"

"झालं ते झालं, साहेब. म्हातारं माणूस हाय लिंबाजीमामा. कशाला त्येला वढता? मी सुग्रीवला बी म्हणलं, ठाण्यात जाऊ नको."

भला माणूस, असं कोणीही म्हटलं असतं. चंद्रभान मात्र मल्हारच्या दाराकडे बघत होता. तिथे म्हैस कडब्याची अख्खी ताटं ओढत, अर्धी तुडवत खात होती. शेजारी कडबाकुट्टीचं नवं यंत्र उभं होतं, आणि त्याच्या पात्याला कोळ्याने जाळं विणलं होतं.

"भाईरच्या कुणाशी ग्यानबाचं वाकडं व्हतं का?"

मल्हारने हरिओमचं नाव घेतलं. शेजारचा शेतकरी. मेंढरं त्याच्या हरभऱ्यात शिरली होती, तेव्हा चार लोकांत तो बोलला होता की तुझ्या शेडचे पत्रे उचकटून टाकीन. चंद्रभान लगेच त्याच्याकडे गेला. हरिओमने मान खाली घातली.

"बोललो व्हतो. आता लय लाज वाटते. पर त्या दिशी मी पिंगळीला सोयऱ्याच्या घरी व्हतो, पंधरा माणसात जेवायलो. विचारा कुणाला बी." मग जरा थांबून तो म्हणाला, "एक सांगतो, जमादार. माझ्या शेतातल्या आखाड्यावरचे पत्रे दोनदा उडाले. दोनी टायमाला कडेचा गेला. वारं कडंला हात घालतं."

चंद्रभान वळून पुन्हा त्या छपराकडे बघू लागला. कडेचे दोन्ही पत्रे जागच्या जागी होते, आणि गेला होता तो मधला.

४

गोजरबाई ओसरीत बसली होती. नऊ दिवस रडून झाल्यावर बाईमाणसाच्या चेहऱ्यावर जी कोरडी शांतता येते, ती तिच्या चेहऱ्यावर होती. सून राणीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"मावशी, तुमी आलात तव्हा काय दिसलं?"

"हात दिसला. पत्र्याच्या भाईर हात व्हता, त्योच आदी धरला म्या. गार पडलता." ती थांबली. "तळहातावर डाग व्हता. ज्वारीच्या दाण्यायेवढा. मधी काळा, कडंनं पांढरा. म्या म्हणलं बिडीनं पोळलं असंल. पर रातच्याला ध्यानात आलं, त्यो बिडी डाव्या हातात धरायचा."

"हे कुणाला सांगितलं?"

"मल्हारला सांगितलं. त्यो म्हणला, माय, आता कायले त्ये काढती."

चंद्रभानने तांब्या खाली ठेवला.

"पडलेला पत्रा कुठं हाय?"

"रानात. त्येंच्यावरच हाय." मातीवर कुत्री उकरतात, म्हणून तिनेच सांगितलं होतं की पत्रा वर झाका आणि दगड ठेवा. लोक म्हणत होते, माणूस मारलेली वस्तू त्याच्यावरच कशी ठेवायची? मल्हार तर भंगारवाल्याला बोलवायला निघाला होता. "म्या म्हणलं, ठिवा. जित्यापणी ऊन-पावसात हिंडला मेंढरांमागं. आता तरी वर काई असू द्या. मंग मल्हारनंच नेऊन झाकला, कुणाला हात बी लावू दिला न्हाई."

गिरणी चार घरं सोडून होती. कुसुमबाई पिठाने पांढरी झालेली, पट्टा बंद करून बाहेर आली.

"त्या दिशी गोजरबाईचं दळण वारं सुटायच्या आदी झालं का नंतर?"

"आवं, वारं सुटल्यावर तर म्या टाकलं. भाईर पाऊस कोसळायलाय, आन् आमी दोघी आत. तिचं पायलीचं दळण सारं झालं, डबा भरला. मंग राणीच्या चुलतीचं टाकलं, त्ये अर्ध्यावर आलं आन् लाइट गेली. म्हून तर ध्यानात हाय, त्या बाईचं अर्धं दळण अजून हितंच पडलंय."

"म्हणजे वारं असताना लाइट व्हती?"

"न्हाई तर गिरणी का हातानं फिरवली म्या?"

चंद्रभानला हसू आलं नाही. त्याने मल्हारला लाइटबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. मल्हारने ते आपणहून सांगितलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लिंबाजीला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. म्हातारा यायला तयार नव्हता. "कबुली द्यायची तर नीट द्या," चंद्रभान त्याला म्हणाला होता. "जी खता बघितलीच न्हाई, तिच्यावर सही कशी घेऊ?"

वस्ती जमली. सुग्रीव दात आवळून उभा राहिला. लिंबाजी शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबला, आणि कोणी त्याला वर जा म्हणालं नाही की खाली ये म्हणालं नाही. मग तो हळूहळू चढला. वर गेल्यावर मात्र त्याचे पाय आपोआप पाइपावरच पडत गेले. तो मोकळ्या जागेशी जाऊन बसला, आणि शेजारच्या पत्र्यांच्या कडा न्याहाळू लागला.

"मिस्त्री, काय दिसतंय?"

"चौथ्याची कड पाचव्याच्या वर चढवलेली व्हती, साहेब. आन् पाचव्याची सहाव्याच्या वर. तिथं दोन पत्र्याला मिळून एकच बोल्ट असतो." आवाज खरखरीत येत होता. "पाचवा उडायचा म्हणला तर वरच्या चौथ्याला उचकटूनच जाईल. चौथ्याची कड मुडपंल, बोल्ट वाकतील. हितं काईच वाकलेलं न्हाई."

"बोल्ट हायत?"

"सारे हायत. दोनी कडंचे, सहाच्या सहा." तो वाकला. बोटांनी चाचपू लागला, आणि त्याची बोटं थांबली. "नट आवळलेले हायत."

खाली कुजबुज झाली. चंद्रभानने हात वर केला.

"तुमीच आवळले असतील तव्हा."

"न्हाई. माझ्या हातचे आवळले असते तर पत्रा निघालाच नसता. आन् पत्रा निघून गेल्यावर उरलेले नट आवळले कुणी?" लिंबाजीने एक नट सोडवला, खालची चकती काढली, आणि ती उन्हात धरली. त्याचा चेहरा बदलत गेला. "साहेब, डांबरी वायसर पत्र्याला चिकटून खाली असतं, आन् लोखंडी त्येच्यावर. तव्हा पाणी आत जात न्हाई. हितं उलटं बसवलंय. सहाच्या सहा उलटे. झोपेत बी माझ्या हातनं असं व्हायचं न्हाई."

तो छपरावर तसाच बसून राहिला, आणि मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

चंद्रभानने वस्तीकडे पाहिलं. "वाऱ्याला नट खोलता येत न्हाई," तो सावकाश बोलला, "आन् खोललेला पुन्हा आवळून ठेवायची त्येला गरज बी न्हाई. ज्यानं पाचवा पत्रा काढला, त्यानं त्या पावसात बसून चौथा आन् सहावा नीट केला. का? तर ते बी सुटले असते, आन् खाली कोकरं व्हती. पत्रा काढणारा माणूस ह्या मेंढरांत वाढलेला हाय."

कोणी कोणाकडे बघितलं नाही.

"पर त्येला पत्रा पाडल्याचं दाखवायचंच व्हतं तर कडेचा सोपा व्हता. दोन-तीन बोल्ट काढले की झालं, आन् कुणाला शंका बी आली नसती. त्यानं मधलाच कामून काढला? चला, रानात जाऊ. मल्हार, तू माझ्यासंगं चल."

६

मातीचा उंचवटा, त्यावर पत्रा, पत्र्यावर चार दगड. राणी सासूला धरून चालत होती. चंद्रभानने चपला काढल्या, हात जोडले, मग एकेक दगड बाजूला ठेवला. सुग्रीवने दुसरं टोक धरलं. दोघांनी पत्रा उलटा केला.

बोल्टांची भोकं गोल होती. एकही ओढून फाटलेलं नव्हतं.

आणि मातीकडे झाकलेल्या बाजूला, वरच्या टोकाजवळ, वीतभर लांब काळी रेघ होती. रेघेच्या शेवटी जस्त वितळून गोळा झालं होतं. बाकीचा पत्रा चांदीसारखा लखलखीत, आणि त्या एका ठिपक्यावर तांबूस गंज चढायला लागलेला.

"मिस्त्री, नवा पत्रा कधी गंजतो?"

"पंधरा-वीस वर्सं त्येला काई होत न्हाई. जस्त जळालं तरच."

"आन् जस्त कशानं जळतं?"

लिंबाजी मल्हारकडे बघत होता. शेड बांधताना खालून एकेक पत्रा, एकेक बोल्ट त्याच्या हातात देणारा मल्हारच होता. पाना कसा धरायचा, हेही त्यानेच त्याला शिकवलं होतं.

"मल्हार," चंद्रभान म्हणाला, "कडबाकुट्टीला दहा दिस झाले जाळं लागलंय. तिची वायर कुठं गेली?"

मल्हार मटकन खाली बसला. जे आतमध्ये दहा दिवस दाबून ठेवलं होतं, ते त्याने मातीकडे बघत सांगितलं. विजेच्या खांबावर आकडा टाकून त्याने वायर शेडच्या छपरावरून आपल्या घरी नेली होती. ग्यानबा म्हणाला होता, पोरा, वायर उंच बांध, पत्र्याला घासायलीय. तो म्हणाला होता, बांधतो की. त्या दिवशी वाऱ्याने वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहिली आणि वरचं रबर कापलं गेलं. मेढी लाकडाच्या, त्यामुळे करंट पत्र्यातच राहिला. मेंढरं छपराला कशाला शिवतात? पाऊस सुरू झाला, पत्रा वाजायला लागला, आणि ग्यानबाने ओल्या मातीत अनवाणी उभं राहून हात वर करून तो धरला.

"म्या दारातनं बगितलं. बा पत्रा धरून उभा व्हता. हाक मारली तर वळंना. म्या काठीनं आकडा वढला. बा पडला." त्याने कपाळ पुसलं. "वायर गुंडाळून ठिवली, तर पत्र्यावर डाग दिसायला. म्या भ्यालो. लोक म्हणतील, ज्यानं वाढवलं त्येलाच मारलं. म्हून..."

"आन् लिंबाजी?" सुग्रीव ओरडला नाही, पण त्याचा आवाज चिरला होता. "त्यो जेलात गेला असता तर?"

"म्या तुला म्हणलं व्हतं, ठाण्यात जाऊ नको."

गोजरबाई राणीचा हात सोडून पुढे आली, आणि मल्हारसमोर उकिडवी बसली.

"मला एकच सांग. त्यो पडला, तव्हा तू आदी त्येच्यापाशी गेलास, का आदी वर चढलास?"

मल्हारने मान वर केली नाही.

"जीव हाय का न्हाई, हात लावून बगितलास?"

"वर चढलो, माय," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूही गेला नाही.

गोजरबाई उठली. तिने त्याला शिवी दिली नाही, शाप दिला नाही. "वायरची खता म्या पोटात घातली असती," ती म्हणाली. "लहानपणापासनं तुझ्या लय घातल्या. ही कुठं ठिवू?"

आणि ती पाठ फिरवून वस्तीकडे चालू लागली.

मल्हारला न्यायला ठाण्याची गाडी दुपारी आली. जळका पत्राही गाडीत चढला. गाडी निघताना मल्हारने आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला पुन्हा ढग भरून आले होते.

"लिंबाजीमामा," तो एवढंच म्हणाला, "कोकरं भिजतील."

चंद्रभानने मोटारसायकलवरचं गाठोडं सोडून लिंबाजीच्या हातात दिलं. लिंबाजीने सुतळीची गाठ बराच वेळ उकलली नाही. शेवटी सुग्रीवने ती दाताने सोडली, ताडकळसहून आणलेला नवा पत्रा खांद्यावर घेतला, आणि शिडी धरून उभा राहिला.

म्हातारा वर चढला. चौथ्याच्या कडेखाली नवा पत्रा सरकवला, सहाव्यावर टेकवला. डांबरी चकती खाली, लोखंडी वर. नट हाताने बसवला, मग पाना लावून आवळला. तिथे तो थांबला. त्याला पुढच्या बोल्टकडे सरकवेना.

"साहेब," त्याने वरून हाक दिली, "फिरला का पाना? तुमी बगितलं का?"

चंद्रभान उत्तर देणार, तेवढ्यात ओसरीतून गोजरबाई बाहेर आली. कपाळावर हात धरून तिने वर पाहिलं.

"फिरला, मिस्त्री," ती म्हणाली. "म्या बगितलं."

तो दुसऱ्या बोल्टकडे सरकला. आवळला, थांबला, खाली बघितलं.

"फिरला."

सहाही बोल्टांना असंच झालं. पाऊस यायला अजून थोडा अवकाश होता, आणि शेवटचा नट आवळून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.